पेटीकाकांचं चुकलेलं माप

पेटीकाका सुतार होते आणि सुतारकामातलं एकच काम करत, शवपेट्यांचं. खुर्चीचा पाय मोडला, दार घासायला लागलं म्हणून कोणी त्यांच्याकडे आलं, तर ते पुढच्या गल्लीतल्या दुकानाकडे बोट दाखवून मोकळे होत. "जिवंत गिऱ्हाईक मला झेपत नाही," म्हणत, "तक्रारी फार असतात." हे वाक्य त्यांनी एकतीस वर्षांत किती वेळा ऐकवलं असेल त्याला गणती नाही, आणि दर वेळी सगळ्यांच्या आधी स्वतःच हसत.

दुकान चर्चच्या मागच्या भिंतीला टेकून उभं होतं. वर पत्रा, दोन खिडक्या, मधोमध लांबलचक टेबल, एका भिंतीला उभ्या करून ठेवलेल्या देवदाराच्या फळ्या. उजेडाच्या खिडकीशी शिवणाचं मशीन होतं. ते काकूंचं. पेटीला आतून पांढरं अस्तर लावायचं आणि डोक्याखालची छोटी उशी शिवायची, ही कामं काकूंची. टाके असे बारीक घालत की लग्नाच्या पोशाखालाही कोणी घालणार नाही. रविवारी उपासनेला पेटी वाजवत त्याही काकूच. एका घरात दोन पेट्या, एक वाजणारी आणि एक मुकी, आणि मुकीचा मालक जास्त बोलतो, असं चर्चच्या मंडळीत लोक म्हणत.

काकांच्या दोन सवयी होत्या, आणि पुढचं सगळं त्या दोन सवयींमुळेच घडलं, म्हणून त्या आधी सांगतो.

पहिली म्हणजे ते मोजपट्टी वापरत नसत. ज्या घरी माणूस गेलं असेल तिथे जात, पलंगाच्या पायथ्याशी उभे राहत, डोळे मिटून प्रार्थना करत, आणि डोळे उघडले की एका नजरेत माप घेत. रडणाऱ्या माणसांसमोर खिशातून टेप काढायची हे त्यांना फार हलकं वाटे. दुकानात परत आले की एका लांब पट्टीवर, जिच्यावर आकडे नव्हते, पेन्सिलीने दोन खुणा करत. एक लांबीची, एक खांद्यांची. थोडी जागा सोडत आणि करवत उचलत. एकतीस वर्षांत खूण चुकली नव्हती. याचा त्यांना गर्व होता, आणि गर्व करू नये हेही ठाऊक असल्यामुळे ते तो अगदी नम्रपणे सांगत. ते ऐकणं जास्तच अवघड जाई.

दुसरी सवय म्हणजे पेटी झाली की झाकण लावायच्या आधी ते स्वतः आत झोपून बघत. कुठे खिळ्याचं टोक वर आलंय का, कुठे फळीचं कुसळ लागतं का. "मेलेल्याला काय टोचणार आहे?" असं कोणी विचारलंच, तर म्हणत, "मला टोचतं ना, मग झालं तर."

आणि तिसरी गोष्ट, जिला सवय म्हणावं की नाही मला कळत नाही. शोक करणाऱ्यांच्या घरातून निघताना ते दारात थांबत आणि म्हणत, "शांत राहा. मागितली की प्रभू शांती देतो." खणखणीत आवाजात म्हणत. लोकांना बरं वाटे. काका ढोंगी होते असं कोणी समजू नये. त्यांचा विश्वास होताच. फक्त त्यांच्या स्वतःच्या घरी त्या शांतीची गरज कधी पडली नव्हती, एवढंच.

ती गरज पडली ती चर्चच्या दोन पायऱ्यांवर. दोन पायऱ्या चढून काकू धापा टाकत कठड्याला टेकल्या आणि ओठ निळे पडले. तपासण्या झाल्या. हृदयातली एक झडप निकामी झाली होती. सर्जनबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, "ऑपरेशन केलं नाही तर सहा महिने. केलं तर पुढची कित्येक वर्षं. पण हृदय अशक्त झालंय. अशा दहा पेशंटमधले दोन-तीन टेबलावरून परत येत नाहीत, हे तुम्हाला माहीत असायला हवं." ऑपरेशनचा दिवस ठरला, गुरुवार. त्याआधी अकरा दिवस काकूंना दवाखान्यात ठेवून ताकद भरून काढायची होती.

त्या अकरा दिवसांत काका मंडळीतल्या प्रत्येकाला सांगत होते, "मी अगदी शांत आहे." साफ खोटं. प्रार्थनेला गुडघे टेकले की "तिला वाचव" एवढं म्हणून गाडी अडायची. पुन्हा "तिला वाचव". एखाद्या हट्टी पोराने दुकानदारासमोर तेच तेच मागावं तसं. आणि दवाखान्यात ते बसत कुठे, तर पायथ्याशी. वॉर्डात पलंगाच्या उशाशी सलाइनचा स्टँड होता, कडेला काकूंची धाकटी बहीण बसायची, म्हणून काकांचं स्टूल पायथ्याशी. तिथून ते तासन् तास बायकोकडे बघत राहत.

मंगळवारी सकाळी निरोप आला की मास्तर गेले. चाळीस वर्षं भूगोल शिकवलेले, विजेच्या खांबासारखे उंच मास्तर. काका दवाखान्यातून थेट त्यांच्या घरी गेले. पायथ्याशी उभे राहिले, प्रार्थना केली, माप घेतलं. मास्तरांची मुलगी, तीही आता चाळिशीची, कोपऱ्यात ताठ बसली होती. निघताना काका दारात थांबले आणि म्हणाले, "शांत राहा बाळ. मागितली की प्रभू शांती देतो."

दुकानात येऊन त्यांनी पट्टीवर खुणा केल्या, फळ्या कापल्या, रंधा मारला, जोडल्या. हात चालत होते, डोकं वॉर्डात होतं. दुपारी पेटी उभी राहिली. अस्तर लावायच्या आधी काका सवयीप्रमाणे आत उतरले आणि आडवे झाले.

डोकं एका फळीला लागलं. टाचा दुसऱ्या फळीला लागल्या.

काका पडल्या पडल्या विचार करू लागले. मास्तर सहा फुटांच्या वर. आपण पाच फूट सहा इंच. मास्तरांच्या पेटीत आपल्याला पाय पसरून झोपता यायला हवं. त्यांनी कूस बदलायला बघितलं तर खांदे दोन्हीकडून घट्ट बसले होते. एवढे अरुंद खांदे मास्तरांचे नाहीत. मग कुणाचे? लांबीला अशी बेताची, खांद्याला अशी निमुळती बाई...

तेव्हा त्यांना कळलं. नऊ दिवस पायथ्याशी बसून नजरेने आपलं काम केलं होतं, आणि आज हाताने नजरेचं ऐकलं होतं.

काका धडपडून उठायला गेले तर खांदे जास्तच रुतले. हात छातीवर, कोपरं फळ्यांत, हाताला धरायला काही नाही. हाक मारावी तर दुकानात दुसरं कोणी नव्हतं. पडून राहण्यावाचून इलाज नव्हता. काही माणसं देवाच्या हाती लागावीत म्हणून त्याला अशी व्यवस्था करावी लागत असेल, असं मला वाटतं. काका एरवी प्रार्थना करायचे ते उठण्याच्या तयारीने.

"तिला वाचव," त्यांनी सुरुवात केली, आणि थांबले. स्वतःच केलेल्या तिच्या पेटीत झोपून ते वाक्य त्यांच्याच्याने पुरं होईना.

मग ते बोलू लागले. मोठ्याने, आणि प्रार्थनेच्या भाषेत नाही.

"बघितलंस? तोंडाने वाचव म्हणतोय, आणि हाताने तिला पुरायची तयारी केली. एवढाच माझा विश्वास. एकतीस वर्षं लोकांच्या दारात उभा राहून तुझी शांती वाटली. माझ्या घरात तिचा पत्ता नाही. मला भीती वाटतेय. ऐकतोयस ना? ती गेली तर त्या घरात मी कसा शिरू? दिवा कुठे लावू? कोणाशी भांडू?"

ते रडले. आडव्या माणसाचं पाणी कानात जातं, ते पुसायलाही हात वर येईना. रडणं ओसरलं. आणि मग, ज्या आवाजात ते घरी बायकोशी बोलत त्या आवाजात, म्हणाले, "ती आधी तुझी आहे. मग माझी. काय करायचं ते तू कर. तूही कबरेत पडून आलायस, तुला इथलं सगळं माहीत आहे. फक्त मला एकट्याला सोडू नकोस."

पुढे काय झालं ते काकांनी नंतर पुष्कळांना सांगायचा प्रयत्न केला, आणि दर वेळी सुरुवात "तसं काही झालं नाही" अशीच व्हायची. आवाज आला नाही. उजेड पडला नाही. पत्र्यावर एक पक्षी चालत होता, त्याच्या नखांचा टकटक आवाज येत होता, तो त्यांना ऐकू आला. नऊ दिवसांत बाहेरचं काही ऐकू आलं ते हे पहिलंच. मग छातीत अडकणारा श्वास पोटापर्यंत खाली गेला. देवदाराचा वास आला. भीती गेली नव्हती. पण भीतीच्या खाली काहीतरी होतं, पेटीला तळफळी असते तसं, आणि ते भीतीसकट काकांना पेलून होतं. त्यांनी घाबरत घाबरत मनातला सगळ्यात वाईट विचार उचलून त्यावर ठेवून बघितला. गुरुवार. सर्जनबाई बाहेर येतात, मान हलवतात. तळ हलला नाही. कोणीतरी तिथे होतं, आणि ते उठून जाणार नव्हतं.

काका तिथे निवांत पडून राहिले. त्यांना झोपही लागली असती.

"अगंबाई!"

दारात मास्तरांची मुलगी उभी होती. वडिलांचा चष्मा पेटीत ठेवायला म्हणून घेऊन आली होती, आणि पेटीत आधीच एक माणूस.

"काका! तुम्ही... बरे आहात ना?"

"बरा आहे. अडकलोय. तो चष्मा खाली ठेव आणि दोन्ही हातांनी ओढ."

तिने ओढलं. काका बूच निघावं तसे बाहेर आले, आणि पाठोपाठ खरं काय ते सांगून टाकलं. "पेटी चुकली. तुझ्या बाबांची नाही झाली ही. माझ्या बायकोच्या मापाची झाली. तिचं परवा ऑपरेशन आहे."

मुलगी आधी संतापली. संतापणारच. "काका, उद्या चार वाजता दफन आहे! सगळ्या नातेवाइकांना कळवलंय!" मग तिने पेटीकडे बघितलं. मग काकांच्या ओल्या कानांकडे. मग ती स्टुलावर बसली आणि, सकाळपासून ताठ असलेली, हसता हसता रडायला लागली. "बाबांनी चाळीस वर्षं पोरांच्या चुका काढल्या. ही बघितली असती तर तुम्हाला बाकावर उभं केलं असतं."

"केलं असतं," काका म्हणाले. "आणि योग्यच झालं असतं ते. संध्याकाळपर्यंत नवी करतो. पण फळीचं दुसरं टोक धरायला कोणीतरी लागेल."

"मी धरते."

"आणि अस्तर मला धड येत नाही."

"मला येतं."

काकांनी काकूंच्या मशीनच्या खणातून कापडी टेप काढली, एकतीस वर्षांत पहिल्यांदा. "बाबांची उंची किती होती?" तिने तोंडपाठ सांगितली. दोघं कामाला लागले. तिने बाही वर सारून फळ्या धरल्या, त्यांनी कापल्या. मधेच, करवत थांबलेली बघून, तिने विचारलं, "काका, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते."

"सकाळी तर म्हणालात, प्रभू शांती देतो."

"सकाळी ऐकीव बोललो ग. पाठ झालं होतं." त्यांनी फळी उलटी केली. "पण आत्ता विचारशील तर, देतो."

तिने फळीचं टोक पुन्हा घट्ट धरलं. सहा वाजता पेटी तयार झाली, अस्तरासकट. काका आत झोपून बघायला निघाले तेव्हा तिने त्यांना बाजूला केलं आणि स्वतः आत उतरली. दोन मिनिटं डोळे मिटून पडून राहिली. उठली आणि म्हणाली, "बाबांना इथे काही टोचणार नाही."

बुधवारी सकाळी काका वॉर्डात गेले ते ठरवून, की बायकोपासून काही लपवायचं नाही. लपवलं तरी तिला कळतंच, हाही मुद्दा होता. स्टूल त्यांनी पायथ्यापासून उचललं आणि मेहुणीला सरकायला सांगून उशाशी ठेवलं. आणि मग मास्तरांपासून चष्म्यापर्यंत सगळं सांगितलं. मेहुणीने मधेच पदर तोंडाला लावला. "भाऊजी, अहो ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हे काय सांगताय तिला! अपशकुन कसला!"

काकू मात्र लक्ष देऊन ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "माप किती आलं?"

"नंतर टेप लावून बघितलं. सोडलेली जागा वजा केली तर पाच फूट एक."

"मी पाच-दोन आहे."

"पाच-एक. माझी नजर चुकत नाही."

"कालच चुकली ना? पाच-दोन." त्यांनी हात वर करून सिस्टरला हाक मारली. "सिस्टर, माझ्या फाइलवर उंची लिहिलीय ना? जरा सांगा यांना."

सिस्टरने पानं उलटली. "एकशे सत्तावन्न सेंटिमीटर."

"म्हणजे?" काकू म्हणाल्या.

सिस्टरने मनात हिशेब केला. "पाच फूट दोन होतात की."

काकूंना एवढा आनंद झाला की यंत्रावरची रेघ उड्या मारायला लागली आणि सिस्टरने डोळे वटारले. "बघा!" काकू धापा टाकत म्हणाल्या. "ती पेटी माझी नाहीच. असेल कुणा दुसरीची. ठेवून द्या." मग दम खाऊन त्यांनी नवऱ्याचा हात धरला. "अहो, खरं सांगा. घाबरलाय?"

"घाबरलोय. पण कालपासून आत शांत आहे. दोन्ही एकदमच आहे. कसं ते मला सांगता येत नाही."

"मला शनिवारपासून आहे," काकू म्हणाल्या. "तुम्ही आपलं 'मी शांत आहे, मी शांत आहे' म्हणत दात आवळून बसला होतात, तुम्हाला कसं सांगू? म्हटलं, यांचं यांना मिळेल तेव्हा बोलू."

मेहुणी एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिली. मग दोघा नवरा-बायकोने मिळून प्रार्थना केली. काकांनी तीत काही मागितलं नाही. आभार मानले, आणि उद्या आत जाताना तू तिच्याबरोबर जा, बाहेर माझ्याबरोबर बस, एवढं सांगितलं. एकाच वेळी दोन्हीकडे कसं जमेल हा प्रश्न त्यांनी त्याच्यावर सोडला.

गुरुवारी आठ वाजता काकूंना आत नेलं. बाहेरच्या बाकावर काका आणि मेहुणी. मंडळीतले लोक येऊन जाऊन होते. काका त्यांच्याशी बोलत, पाणी पीत, पुन्हा बाकावर येऊन बसत. बारा वाजता एक तरुण डॉक्टर बाहेर आला. मास्क खाली ओढून म्हणाला, "झडप बसवलीय. पण हृदय स्वतःहून चालू होत नाहीये. मशीनवर आहेत. प्रयत्न सुरू आहेत. मनाची तयारी ठेवा." आणि आला तसा आत गेला.

मेहुणीने हंबरडा फोडला. काकांनी तिला खांद्याशी धरलं. ते मनातल्या मनात खाली उतरून बघून आले. तळ होता. मंगळवारी होता तसाच, तिथेच. त्यांना त्या क्षणी स्वच्छ कळलं की ती आता गेली, तर आपण खूप रडू, रोज रडू, पण पडणार नाही. त्यांनी डोळे मिटले आणि त्या बंद दारामागे निजलेल्या बायकोसाठी प्रभूला हलकेच म्हटलं, "तुझीच आहे." मग मेहुणीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. एक वाजला. दीड वाजला. तिचं रडणं ओसरलं. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि त्या चेहऱ्याकडे बघून तिचाही श्वास हळूहळू जागेवर येत होता.

अडीचला दार उघडलं. या वेळी सर्जनबाई स्वतः. डोळ्यांखाली मास्कचे वळ, केस घामाने चिकटलेले.

"चालू झालं," त्या म्हणाल्या. "चाळीस मिनिटं आम्हाला घाम फोडला त्यांनी. पण आता आपलं आपण चालतंय, आणि चांगलं चालतंय. उद्या शुद्धीवर येतील."

मेहुणी उठून उभी राहिली, सर्जनबाईंचे हात धरले, काहीबाही बोलली, हसली, रडली. मग मागे वळून बघते तर काका बाकावरून घसरून फरशीवर बसलेले, पाठ भिंतीला, पाय लांब पसरलेले, आणि लहान पोरासारखे हुंदके देत होते.

"भाऊजी! अहो, वाचली ना ती! आता कसले रडताय? मघाशी एवढं वाईट सांगून गेले तेव्हा डोंगरासारखे बसला होतात!"

"मघाशी त्याने धरलं होतं ग," काका म्हणाले. "ती गेली असती तरी धरलं असतं, मला कळलं होतं ते. हे आनंदाचं मात्र मला झेपेना. पायच गेले बघ. जरा हात दे."

तिने हात दिला. काका उठले नाहीत. तिचा हात धरून बराच वेळ तिथेच फरशीवर बसले, आणि थोड्या वेळाने तीही त्यांच्या शेजारी खाली बसली.